जाहिरात मीच शुद्ध करून दिली

मराठी विकिपीडियावर आलेला लेख माहितीचा आहे की जाहिरातीचा, हे आपल्याला पहिल्या दोन ओळींत कळतं, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत असे. ‘अग्रगण्य’, ‘सुप्रसिद्ध’, ‘अल्पावधीत नावारूपाला आलेली’ असे शब्द दिसले की जाहिरात. नाही दिसले की माहिती. हिशेब इतका सरळ. या हिशेबापायी मी एक चांगला लेख घालवला आणि एक भाडोत्री लेख घासूनपुसून, ऱ्हस्वदीर्घ तपासून, स्वतःच्या हातानं ज्ञानकोशात बसवला. दोन्ही प्रताप जवळपास एकाच काळातले. त्यातला दुसरा जास्त महागात पडला, आणि तोही मला नाही.

मी मूळची मिरजेची. बेंगळुरूत सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करते, म्हणजे दुसऱ्याच्या कामातले दोष काढण्याचा मला पगार मिळतो. इथे डोमलूरला सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी ही संस्था आहे. भारतीय भाषांतल्या विकिपीडियांना हातभार लावणारा तिचा कार्यक्रम २०१२पासून चालू आहे, आणि कन्नड, तेलुगू, ओडिया यांच्या बरोबरीनं त्यात मराठीही आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३चा, कन्नडही त्याच वर्षीचा. संस्थेच्या त्या कार्यक्रमातल्याच एका कार्यशाळेत मी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, चार ओळी लिहून पाहिल्या आणि सवय लागली ती लागलीच.

पहिला पूर्ण लेख लिहिला तो माझ्या गाण्याच्या बाईंवर. मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, सतारी-तंबोरे करणाऱ्यांचं गाव. तिथे आयुष्यभर मुलींना गाणं शिकवलेल्या बाईंना ज्ञानकोशात जागा नको? लेख आठवडाभरही टिकला नाही. एका जुन्या जाणत्या संपादकांनी चर्चापानावर दोन वाक्यं लिहिली होती. भाषा विश्वकोशीय नाही. विषयाबद्दल इतर कुणी स्वतंत्रपणे लिहिलेलं काही सापडत नाही. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं मनाला लावून घेतलं. बाईंबद्दल त्यांच्या शिष्यांपलीकडे कुणी एक परिच्छेदही लिहिलेला नव्हता, ही खरी अडचण होती. मी समजले, आपली विशेषणं जरा जास्त झाली.

तिथून मी विशेषणांच्या मागे हात धुऊन लागले. रात्री जेवणं झाली की ‘अलीकडील बदल’ उघडायचं आणि खोडत सुटायचं. ‘थोर’ खोड, ‘लोकप्रिय’ खोड, ‘यांचे मोलाचे योगदान’ खोड. ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ खोडताना तर अंगात यायचं. मराठीत या कामाला तोटा नाही. आपल्याकडे माणसाबद्दल छापील असं जे काही येतं त्यातलं निम्मं सत्कार, मानपत्र, गौरवांक, वाढदिवसाची पुरवणी आणि श्रद्धांजली या वाटेनं येतं. चौकातल्या फ्लेक्सवर गल्लीतला कार्यकर्तासुद्धा ‘कार्यसम्राट’ असतो. ज्या मुलानं चरित्र म्हणून हेच वाचलंय, तो विकिपीडियावर कुणाबद्दल लिहायला बसला की हेच लिहिणार. त्यात त्याचा स्वार्थ असतोच असं नाही. हे मला आज सुचतंय. तेव्हा सुचलं नव्हतं.

खरं तर नियम आडवळणाचा नाही. एखाद्या विषयावर, त्याच्याशी देणंघेणं नसलेल्या विश्वासार्ह लोकांनी, नुसता उल्लेख नव्हे तर सविस्तर काही लिहिलेलं असेल, तर त्या विषयाला ज्ञानकोशात जागा. नसेल तर नाही. मराठीतले निकष बरेचसे इंग्रजी विकिपीडियावरून आलेले आहेत, आणि इंग्रजीत २०१८मध्ये कंपन्यांसाठी ते आणखी आवळले गेले. गुंतवणूक मिळाली, नवं कार्यालय उघडलं, अमका अधिकारी नेमला, अमक्या यादीत नाव आलं, असल्या बातम्या कितीही असल्या तरी त्या धरायच्या नाहीत. मालकाची मुलाखत धरायची नाही, कारण ते त्याचंच बोलणं. हा झाला विषयाचा प्रश्न. लेख कसा लिहिलाय हा त्यानंतरचा. विषय बसत असेल तर वाईट लिहिलेला लेख सुधारायचा. बसत नसेल तर सुधारण्याची तसदीच घ्यायची नाही. आधी विषय, मग भाषा. मी हा क्रम उलटा लावला होता आणि वर्षानुवर्षं मला तो उलटा आहे याचा पत्ता नव्हता.

“जागेला काय तोटा आहे, राहू दे की,” असं पुष्कळ जण म्हणतात. छापील कोशाला तोटा होता. केतकरांनी ज्ञानकोशासाठी रीतसर कंपनी काढून भाग विकले, तेवीस खंड काढले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली विश्वकोशाचे जाडजूड खंड निघाले. तिथे कागद, छपाई, पानं यांचा हिशेब आपोआप गाळणीचं काम करायचा. इथे पानाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे गाळणारं माणूसच लागतं. आणि मराठी विकिपीडियावर अशी नियमित वावरणारी माणसं मूठभर. इंग्रजीत एखादा लेख वगळायचा प्रस्ताव आला की आठवडाभर अनोळखी लोक येऊन भांडतात. आमच्याकडे पुष्कळदा कुणीच येत नाही. जो पहिला बोलला त्याचाच निकाल. म्हणजे माझ्यासारखीच्या त्या दिवशीच्या मूडवर.

त्यातच तो तमाशावरचा लेख आला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलीनं, कार्यशाळेत शिकून, एका दिवंगत तमाशा कलावंतीणबाईंवर लिहिला होता. ‘लोककलेच्या नभांगणातील तेजस्वी तारका’ अशी सुरुवात. पुढे ‘आपल्या अदाकारीने महाराष्ट्राला वेड लावले’, ‘त्यांचे ऋण कधीही न फिटणारे’ वगैरे. संदर्भ म्हणून एका पुस्तकाचं नाव दिलेलं, पान क्रमांक नाही, दुवा नाही. मी गुगलवर नाव टाकलं, फारसं काही निघालं नाही, आणि वर ‘पानकाढा’चा साचा लावून मोकळी झाले. कारण लिहिलं, ‘स्तुतिपर मजकूर’. पुस्तक शोधलं नाही. त्या मुलीच्या चर्चापानावर दोन शब्द लिहिले नाहीत. तिनं विचारलं होतं, “मॅडम, काय चुकलं?” मी नियमांच्या पानाचा दुवा डकवला. लेख वगळला गेला. त्या मुलीचं पुढे एकही संपादन नाही.

दुसरा लेख आला तो इथल्याच, बेंगळुरूतल्या, एका प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीवर. या शहरात राहणाऱ्याला असल्या कंपन्यांचं नावीन्य नाही. कोरमंगला आणि एचएसआर लेआउटच्या कॉफीच्या दुकानांत शेजारच्या टेबलावर कुणी ना कुणी गुंतवणूकदाराला काहीतरी समजावून सांगत असतो. ही कंपनी डेटा सायन्स शिकवून नोकरी लावून देण्याचं म्हणत होती. लेखाची पहिली ओळ अशी: ‘ही भारतातील अग्रगण्य व सर्वाधिक विश्वासार्ह कौशल्य प्रशिक्षण कंपनी असून तिने हजारो तरुणांच्या जीवनात परिवर्तन घडवले आहे, जिचे मुख्यालय बेंगळुरू येथे स्थित आहे.’ यंत्रानं केलेलं भाषांतर लांबूनही ओळखू यावं असं.

माझ्या हिशेबानं ही सरळ जाहिरात. पण लेखाखाली संदर्भांची भली मोठी रांग होती. इंग्रजी वृत्तपत्रांचे दुवे, उद्योगजगताच्या संकेतस्थळांचे दुवे, एका पुरस्काराचा दुवा. उजवीकडे माहितीचौकट नीट भरलेली. निळेशार दुवे बघून मी विरघळले. तमाशाच्या लेखाला दुवा नव्हता म्हणून तो संशयित. याला खंडीभर होते म्हणून हा सज्जन. नोकरीतही माझं असंच होतं, चौकटीत खूण दिसली की पुढे जायचं. आणि खरं सांगायचं तर, इंग्रजी वर्तमानपत्राचं नाव दिसलं की आपल्या मनात त्याचं वजन आपोआप वाढतं. फडावरच्या बाईंचं नाही वाढत.

मी लेख सुधारायला घेतला. ‘अग्रगण्य’ गेलं, ‘सर्वाधिक विश्वासार्ह’ गेलं. ‘परिवर्तन’ गेलं. ‘जिचे मुख्यालय स्थित आहे’चं ‘मुख्यालय बेंगळुरूत आहे’ झालं. हजारो तरुणांच्या आधी मी ‘कंपनीच्या म्हणण्यानुसार’ असं घातलं आणि स्वतःच्या निःपक्षपातीपणावर खूश झाले. वर्ग जोडले, शुद्धलेखन तपासलं. पहिली ओळ आता अशी होती: ‘ही बेंगळुरू येथील प्रशिक्षण कंपनी आहे.’ कोरडी, सरळ, कुठल्याही ज्ञानकोशात शोभावी अशी. लेख टाकणाऱ्या खात्यानं चर्चापानावर हात जोडलेली खूण आणि ‘खूप खूप धन्यवाद’ असं लिहिलं. नवखे इतके नम्र फारसे नसतात. शंका यायला हवी होती. त्या खात्याचा इतिहास उघडला असता तरी कळलं असतं: आधी इकडेतिकडे स्वल्पविराम टाकण्याची क्षुल्लक संपादनं, आणि मग एकदम माहितीचौकटीसकट, संदर्भांसकट, एका फटक्यात टाकलेला अख्खा लेख. नवीन माणसाला साचे इतके येत नाहीत. तो चुकतो, विचारतो, पुन्हा चुकतो. सोलापूरच्या त्या मुलीचं पान तसंच होतं.

काही महिन्यांनी माझ्या मावसभावाचा सांगलीहून फोन आला. नुकताच पदवीधर झालेला, घरी शेती, नोकरीच्या शोधात. “अक्का, बेंगळुरूची एक कंपनी आहे बघ, कोर्स करतो म्हणतोय. फी बरीच आहे. पण त्यांचं विकिपीडियावर पान आहे, मी बघितलं. गुगलवर पण उजव्या बाजूला येतंय सगळं.” नाव ऐकून मला बरंच वाटलं. मी म्हटलं, “अरे, तो लेख मीच तपासलाय.” एवढंच बोलले मी. कंपनी चांगली आहे असं म्हटलं नाही, कारण मला ती चांगली आहे की वाईट हे ठाऊकच नव्हतं. पण त्यानं ऐकलं ते त्याला हवं तसं ऐकलं, आणि मीही त्याला थांबवलं नाही. त्यानं पहिला हप्ता भरला. मावशीनं त्यासाठी भिशी उचलली होती, हे मला नंतर कळलं.

गुगलच्या उजव्या बाजूची ती चौकट २०१२पासून दिसायला लागली, आणि तिच्यातला मजकूर पुष्कळदा विकिपीडियावरून उचललेला असतो. कंपन्यांना लेख हवा असतो तो यासाठी. विकिपीडियावरच्या बाहेरच्या दुव्यांना शोधयंत्रात वजन मिळू नये अशी सोय २००७मध्येच केली गेली, त्यामुळे त्या वाटेनं आता फायदा नाही. फायदा आहे तो माझ्या भावाच्या त्या वाक्यात.

डोळे उघडले ते एका कन्नड विकिपीडियन गृहस्थांमुळे. बँकेतून निवृत्त झालेले, मल्लेश्वरमला राहतात, आणि बँकेत असताना कर्जाचे कागद जसे बघत तसेच लेखाचे संदर्भ बघतात. मिरजेची असल्यामुळे कन्नड माझ्या कानाला परकं नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं. त्यांनी मला कन्नड, तेलुगू आणि मराठी असे तीन लेख शेजारीशेजारी उघडून दाखवले. तीच कंपनी, तीच चौकट, तोच क्रम. इंग्रजीत डाळ शिजली नाही म्हणून लहान भाषांत शिरायचं, तिथे बघणारं कुणी नसतं, हे त्यांना आधीच माहीत होतं. कन्नडमधला लेख त्यांनी वगळायला लावला होता. “मराठीतला फार सुंदर लिहिलाय,” ते म्हणाले. टोमणा नव्हता. लिहिलं कुणी हे त्यांना माहीत नव्हतं.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: यातली कुठली बातमी कंपनीनं काही न पाठवता कुणी स्वतःहून लिहिली असती? आम्ही एकेक दुवा उघडत गेलो. पहिल्या बातमीत संस्थापकाचं एक वाक्य होतं. दुसऱ्या वर्तमानपत्रात तेच वाक्य. तिसऱ्यातही. एका ठिकाणी कंपनीच्या स्थापनेचं साल चुकलं होतं. ती चूक पुढच्या सगळ्या बातम्यांत इमानेइतबारे उतरलेली. दोन बातम्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा मजकूर प्रसिद्धीपत्रकातून आला असून संपादकीय विभागाचा त्याच्याशी संबंध नाही. पुरस्कार होता तो प्रवेशशुल्क भरून मिळणाऱ्यांपैकी. एक मुलाखत. दोन गुंतवणुकीच्या बातम्या. वजा करत करत शेवटी खाली शून्य उरलं. यातला एकही दुवा मी सुधारणा करताना उघडला नव्हता. दुवा चालतो की नाही एवढं पाहिलं होतं.

आपल्याकडच्या बातम्यांच्या बाबतीत हे नवीन नाही, आणि मराठी माणसाला तर मुळीच नसावं. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत एका नेत्यावर शब्दशः सारखाच लेख छापून आल्याचं पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं होतं. पुढच्या वर्षी परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी प्रेस कौन्सिलसाठी पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर सविस्तर अहवाल तयार केला. कौन्सिलनं तो सुरुवातीला पूर्ण प्रसिद्धच केला नाही. तालुक्याच्या पातळीवर तर बातमीदार आणि जाहिराती गोळा करणारा हा पुष्कळदा एकच माणूस असतो. मानधन नावापुरतं, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाच्या पुरवणीत ज्याची पानभर शुभेच्छा जाहिरात, त्याच्यावर आतल्या पानात लेख. मी हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. तरी संगणकावर दुवा निळा दिसला की ते आठवत नसे. इंग्रजी विकिपीडियाच्या मार्गदर्शक पानांवर भारतातल्या वृत्तमाध्यमांबद्दल, पुरस्कृत मजकूर आणि प्रसिद्धीपत्रकं बातमी म्हणून छापली जातात असा खास इशारा आहे. तोही मी वाचला होता.

शिक्षणाचा धंदा आणि विकिपीडिया यांचा तर जुना घरोबा आहे. आयआयपीएम या व्यवस्थापन संस्थेवरच्या इंग्रजी लेखात टीकेचा भाग वर्षानुवर्षं पातळ होत राहिला. ते करण्यात ‘विफिवन’ नावाच्या खात्याचा हात असल्याचे आरोप होत होते. आणि हे खातं साधं नव्हतं, २०१०पासून प्रचालक, म्हणजे पानं वगळण्यासारखे जादा अधिकार असलेलं, होतं. फेब्रुवारी २०१५मध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीनं त्याच्यावर बंदी घातली, आणि पुढच्याच महिन्यात ‘न्यूजवीक’नं हे प्रकरण जगापुढे आणलं. तोपर्यंत दिल्ली उच्च न्यायालयानं त्या संस्थेला ‘एमबीए’, ‘बिझनेस स्कूल’ हे शब्द वापरायला मनाईही केली होती. त्या वर्षांत तो लेख वाचून किती मुलांनी प्रवेश घेतला असेल, कुणास ठाऊक. विफिवन निदान काहीतरी मनात धरून ते करत असावा. मी ते फुकट, आणि अभिमानानं, केलं.

त्या कंपनीचा लेख वगळण्याचा प्रस्ताव मी टाकल्यावर दोन दिवसांत मला फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे.

“मॅडम, तुम्ही मराठी आहात ना? मी पण. जालन्याचा.” आवाज पंचविशीतला असावा. एचएसआरमधल्या एका डिजिटल प्रसिद्धी करणाऱ्या कंपनीत काम करतो म्हणाला. “तुम्ही तो लेख इतका छान करून दिला, क्लायंट एवढा खूश झाला की पुढचं काम पण आम्हालाच मिळालं. आणि आता तुम्हीच काढायला निघालात?”

“पैसे घेऊन लिहिलाय, हे सांगितलं का नाहीत?”

“कुणी विचारलंच नाही की, ताई.” मॅडमची ताई कधी झाले ते कळलं नाही. “आणि बघा, आम्ही पण मराठीचीच सेवा करतोय. तुमच्या विकिपीडियावर लेख वाढतायत. तुम्ही म्हणत असाल तर पुढचे लेख आधी तुम्हाला दाखवू. रेट तुम्ही सांगा.”

मी रागावून फोन ठेवला असं लिहायला मला आवडलं असतं. तसा ठेवला नाही. तो किती घेतो हे मी विचारलं. मोबदला घेण्याचा विचार नव्हता, उत्सुकता होती. आकडा ऐकून वाटलं, आपण एवढ्या किमतीचं काम रात्री जागून फुकट करत होतो. ही हळहळ काही क्षण मनात होती, हेही इथे लिहून ठेवते. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं न विचारता, आपण होऊन ते जाहीर करायचं, असा विकिमीडिया फाउंडेशनचा नियम २०१४पासून आहे. हे मी त्याला सांगितलं. तो “हो का?” म्हणाला, आणि मला वाटतं त्याला खरंच ठाऊक नसावं. साहेब सांगतील ते टाकायचं, महिन्याचं उद्दिष्ट गाठायचं. २०१५मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘ऑरेंजमूडी’ नावाचं जे जाळं पकडलं त्यात ३८१ खाती बंद करावी लागली होती. तिथे तर नाकारलेल्या लेखांच्या मालकांना गाठून, पैसे द्या, लेख टिकवून दाखवतो, असा सरळ हप्तेवसुलीचा मामला होता. माझ्या जालनेकरापर्यंत ती कला अजून पोचलेली नव्हती.

वगळण्याच्या चर्चेत त्याच्या बाजूचं मुख्य अस्त्र मीच निघाले. ‘इतिहास पहा’ उघडलं की त्या लेखात सर्वांत जास्त संपादनं माझी. ‘ज्येष्ठ सदस्यांनी तपासून प्रमाणित केलेला लेख’ असं त्यानं लिहिलं, आणि ते खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. मग दुसरा मुद्दा: अमक्या कंपनीचा लेख आहे, तमक्याचा आहे, मग आमचाच का नको? दुसरा चुकीचा लेख शिल्लक आहे म्हणून पहिला बरोबर ठरत नाही, हे उत्तर नियमात तयार असतं. ते देण्याआधी मी ते अमके-तमके लेख उघडले. त्यातल्या काहींवरूनही माझाच हात फिरलेला. तेही चर्चेला टाकले. चर्चेत कन्नड गृहस्थ धरून मोजकेच लोक बोलले. लेख गेला. गुगलची चौकट मात्र लगेच गेली नाही, कारण कुणीतरी विकिडेटा या विकिपीडियाच्या भगिनी माहितीसंग्रहावर नोंद करून ठेवली होती आणि तिथे निकष बरेच सैल. भावाचे पैसे परत आले नाहीत. कोर्स झाला, हमी दिलेली नोकरी मिळाली नाही, आणि तो आता इस्लामपूरला एका दुकानात हिशेब बघतो. मावशी मला काही बोलली नाही. भिशीचे हप्ते फिटेपर्यंत तिनं फोनही केला नाही.

त्यानंतर मी आजवर लावलेले वगळण्याचे साचे उलटे तपासायला घेतले. माहिती म्हणून ठेवलेलं जर जाहिरात निघालं, तर जाहिरात म्हणून घालवलेलं काय निघेल? पुष्कळसं खरोखरच कचरा होतं. पण तमाशाच्या बाईंचं नाव मनातून जाईना. पुढे पुण्याला गेले असताना एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्या मुलीनं संदर्भात दिलेलं पुस्तक मिळालं. त्यात बाईंवर अख्खं प्रकरण होतं. फड कधी काढला, कुठल्या जत्रेत कर्जापायी तो मोडला, राज्य सरकारचा पुरस्कार कुठल्या साली मिळाला, सगळं तारीखवार. लिहिणाऱ्याचा बाईंशी नातंगोतं असा काही संबंध नव्हता. ज्ञानकोशात बसायला यापेक्षा जास्त लागत नाही. ‘नभांगणातील तेजस्वी तारका’ हे सहा सेकंदांत खोडता आलं असतं, आणि खाली भक्कम लेख शिल्लक राहिला असता. कंपनीच्या लेखातली विशेषणं खोडल्यावर खाली काहीच उरत नव्हतं, पण ते ‘काहीच नाही’ माझ्या शुद्ध मराठीनं झाकलं गेलं.

इंग्रजीतही असं घडतं. मे २०१८मध्ये डोना स्ट्रिकलंड या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ बाईंवरचा मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला आणि ऑक्टोबरात त्यांना नोबेल जाहीर झालं. केवढा गहजब झाला. माझ्या चुकीवर गहजब होण्याचा संभव नव्हता. तमाशातल्या बाईंना स्टॉकहोमहून फोन येत नाही.

प्रचालकांना विनंती करून मी तो लेख परत आणवला. वगळलेलं पान पुन्हा उभं करता येतं आणि त्याचा इतिहासही सोबत येतो, त्यामुळे पान तयार करणारी म्हणून त्या मुलीचंच नाव आहे. तिच्या चर्चापानावर मी सविस्तर लिहिलं, काय चुकलं, कुणाचं चुकलं. उत्तर आलेलं नाही. गाण्याच्या बाईंवरचा लेख मात्र पुन्हा टाकलेला नाही. त्यांच्याबद्दल अजूनही कुणी काही लिहिलेलं नाही, आणि मी लिहिलेलं चालणार नाही, मी त्यांची शिष्या.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्याकडे जुने दिवाळी अंक, बंद पडलेली साप्ताहिकं, जिल्ह्याच्या गॅझेटिअरांसारखी पुस्तकं, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका असतील, आणि त्यात एखाद्या कलावंतावर, शाळेवर, गिरणीवर, फडावर कुणी बाहेरच्यानं मनापासून लिहिलेलं असेल, तर ती रद्दीत घालण्याआधी अंकाचं नाव, साल, लेखकाचं नाव आणि पान क्रमांक तेवढा मराठी विकिपीडियाच्या चावडी या चर्चेच्या पानावर टाका. लेखच लिहिलात तर उत्तम. विशेषणांची काळजी करू नका, ती मागाहून काढता येतात.